एकशे एकतिसावी खूण

आता सगळं नीट झालंय म्हणून सांगते. दीड महिन्यापूर्वी कोणी विचारलं असतं तर मी त्याच्या तोंडावर दार लावलं असतं.

माझा मामा दगडांवर खुणा रंगवतो. आमच्या गावातून डोंगरापलीकडच्या गावाला एक जुनी वाट जाते, चोवीस किलोमीटरची. कधीकाळी तिच्यावरून मिठाची खेचरं जायची. पायऱ्यांना त्यांच्या खुरांनी मधोमध खळगे पडलेत, कमानीचा एक पूल आहे, छप्पर उडालेली जकातीची चौकी आहे आणि अर्ध्यावर एक पडकी पाणचक्की. मामाने या वाटेवरून एकतीस वर्षं टपाल वाहिलं. मग डोंगराला वळसा घालून मोटारीचा रस्ता झाला, टपाल गाडीतून जायला लागलं, आणि वाटेवर काटेरी झुडपांचं राज्य आलं. गावातल्या एकालाही त्याचं वाईट वाटलं नाही, मामा सोडून.

मग शहरातली माणसं यायला लागली. पाठीवर बिऱ्हाड बांधून, हातात काठ्या घेऊन, निव्वळ हौसेने चालायला. आईला हे कधीच पटलं नाही. "बस आहे ना? मग?" एवढंच ती म्हणायची. पण माणसं येत राहिली आणि चुकतही राहिली, तेव्हा गावाने वाटेसाठी एक समिती केली. समितीत सगळ्यांचं वाटेवर प्रेम आहे आणि चालत कोणीच नाही. त्यांनी नुकत्याच निवृत्त झालेल्या मामाच्या हाती दोन डबे दिले, एक पांढरा, एक निळा. मला बसथांब्याजवळची माहितीखोली दिली. तिथे एक टेबल आहे, भिंतीवर नकाशा आहे आणि एक नोंदवही आहे. चालायला निघणारा तिच्यात नाव लिहितो. पलीकडच्या गावात पोचला की तिथल्या दुकानात सही करतो. संध्याकाळी पाचला दुकानदारीणबाईंचा फोन येतो, "तुझे सगळे आले गं," आणि मी कुलूप लावते.

वर पांढरा पट्टा, खाली निळा, दोन्ही मिळून मामाच्या पंजाएवढे. अशा दोनशे चौदा खुणा. समितीला वाटायचं दर शंभर पावलांवर एक असावी. मामा म्हणाला, "नको. खुणा फार झाल्या की माणूस वाट बघत नाही, नुसत्या खुणा बघतो. जिथे माणूस डोकं खाजवतो तिथेच खूण पाहिजे." आता माणूस कुठे डोकं खाजवेल हे एकतीस वर्षं त्याच वाटेने गेलेल्याला कसं कळणार? त्यावर त्याची एक रीत होती. वाटेला फाटा आला की मामा मधोमध उभा राहायचा, डोळे मिटायचा, जागच्या जागी तीन गिरक्या घ्यायचा आणि झटकन डोळे उघडायचा. पहिली नजर ज्या दगडावर पडेल त्याला रंग. "परक्याचे डोळे उसने आणायचे," म्हणायचा. टपालखात्याची जुनी टोपी घातलेला उंच म्हातारा रानात एकटाच गिरक्या घेतोय, हे पाहून एका शाळेची अख्खी सहल घाबरून मागे फिरली होती.

प्रत्येक खुणेची वहीत नोंद. हस्ताक्षर पत्त्यासारखं, सुटं आणि गोल. "एकशे एकतीस. पाणचक्कीपुढचा फाटा. उजव्या भिंतीचं टोक. उशीएवढा दगड, डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला." चुन्याचं बोटही न लावता दगडावर दगड रचलेल्या भिंती आहेत आमच्याकडे, वाटेच्या दोन्ही अंगांना. चक्कीच्या पुढे उजवीकडची वाट खिंडीत चढते. डावीकडची जुन्या दगडखाणीच्या काठावर जाऊन संपते, आणि तिथून पुढे फक्त हवा आहे.

दीड महिन्यापूर्वी पाच वाजता दुकानदारीणबाई म्हणाल्या, "दोन कमी आहेत गं." एक घड्याळजी आणि त्याची बायको, दोघंही साठीपुढचे. सहा वाजले. मी फोनजवळून हलले नाही. साडेसहाला कळलं की ती दोघं खाणीच्या काठाशी बसलेली सापडली. त्याचा पाय मुरगळला होता आणि ती सारखी शिट्टी वाजवत होती. मेंढ्या परतवणाऱ्या बाईने ती ऐकली म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी घड्याळजीची बायको आमच्या माहितीखोलीत आली. भांडायला नाही, पाण्याची बाटली विसरली होती ती घ्यायला. मी माफी मागितली. ती म्हणाली, "अहो, आम्ही खुणेनेच गेलो. अगदी ठसठशीत होती. डावीकडच्या भिंतीवर."

मामा कोपऱ्यात बसून काडीने रंग ढवळत होता. ढवळायचा थांबला.

सकाळी एकटाच वर गेला. दुपारी परत आला, डबे जिन्याखाली ठेवले, वही माझ्यापुढे सरकवली.

"खूण डावीकडेच आहे," म्हणाला. "आणि हात माझाच आहे. आता दुसरं कोणीतरी बघा."

त्याच्या या बोलण्याने घरात काय झालं ते कळायला थोरल्या मामाचं सांगायला हवं. थोरला मामा शिंपी होता, हाताला मोठी सफाई. एका वर्षी त्याने एका सदऱ्याला तीन बाह्या शिवल्या. सगळे हसले, तोही हसला. पुढच्या वर्षी तो बटणं आणायला म्हणून गेला आणि तिसऱ्या गावच्या थांब्यावर सापडला. आईची वाट बघतोय म्हणाला. त्याची आई जाऊन वीस वर्षं झाली होती. माझ्या मामाने त्याला चार वर्षं सांभाळलं, भरवलं, दिवसातून दहा वेळा आपलं नाव सांगितलं. त्यामुळे मामा जे बोलत नव्हता ते आम्हा दोघींना लख्ख ऐकू येत होतं.

आई घाबरली की भांडी आपटते. त्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात लोहाराचं दुकान चालू होतं.

मी वाद घातला. वाद घालणं मला जमतं.

"मामा, तू चुकीच्या जागी नवी खूण काढलीस म्हणतोस. मग उजवीकडची जुनी कुठे गेली?"

"नाहीये. बघितलं मी."

"मग?"

"घासून काढली असेन. तारेचा ब्रश असतोच पिशवीत."

"असेन म्हणजे? आठवत नाही का?"

हे मी विचारायला नको होतं. थंडी सुरू होण्याआधी वाटेच्या त्या भागातल्या खुणा त्याने पुन्हा रंगवल्या तेव्हा त्याच्या अंगात ताप होता. नको जाऊ म्हटलं तरी गेला होता. त्या तीन दिवसांतलं त्याला धड काही आठवत नव्हतं. पुढे थंडीत वाटेवर कुत्रं फिरकत नाही, आणि यंदाच्या मोसमात आलेले पहिले पाहुणे म्हणजे हे घड्याळजी जोडपं.

"नाही आठवत," मामा म्हणाला. "तेच तर."

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मामाच्या मनाने सगळी चौकशी स्वतःच पूर्ण केली होती, साक्षीपुरावे स्वतःच गोळा केले होते आणि निकालही देऊन टाकला होता. मला त्याचा संताप यायचा. एकतीस वर्षांत ज्याचं एक पत्र चुकीच्या दारात पडलं नाही त्या माणसाने स्वतःवर एवढा कमी विश्वास ठेवावा?

मग एका संध्याकाळी कुलूप लावून घरी निघाले तर चपलेचा बंद सुटला. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर टेकले, वाकले, आणि पायरीच्या कोपऱ्यात मला ती दिसली. अंगठ्याच्या नखाएवढी. वर पांढरं, खाली निळं.

उठून मागे गेले. थांब्यासमोरच्या दिव्याच्या खांबावर एक होती. पुढे, नळाच्या ओट्यावर एक. गल्ली वळते तिथल्या कुंपणाच्या खांबावर एक. सगळ्या गुडघ्याखाली, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या नजरेत येऊ नयेत. सगळ्या फक्त वळणांवर. जिथे माणूस डोकं खाजवतो तिथेच. मी मोजल्या, सात. आठवी आमच्या दाराच्या चौकटीवर, बिजागरीच्या खाली.

मामाने थांब्यापासून घरापर्यंतची वाट आखून ठेवली होती. एक दिवस आपण या गल्लीत परके होऊ, तेव्हासाठी.

मी पुन्हा त्या पायरीवर जाऊन बसले आणि रडले. औषधवाला बाहेर आला, डोकं दुखतंय का म्हणाला, मी हो म्हटलं. आईला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. वही घेतली, पाणी घेतलं आणि वाटेला लागले. आता कबूल करते, नकाशावर बोट ठेवून रोज लोकांना वाट सांगणारी मी, पुलाच्या पुढे बारा वर्षांत गेले नव्हते. पन्नासाव्या खुणेपाशी दम लागला. सत्तराव्याला वहाणांना शिव्या घातल्या. पण एक गोष्ट ध्यानात आली. मी जिथे जिथे थांबून "आता कुठे?" म्हणायची, तिथे समोर खूण असायची. मला वाट दाखवायला मामा पुढे चालला होता, असंच वाटत राहिलं. गोंधळलेल्या डोक्याचं काम नव्हतं हे.

एकशे तीस चक्कीच्या खांबावर. मग फाटा. आणि डावीकडच्या भिंतीच्या टोकाला, कमरेएवढ्या उंचीवर, ती खूण. घड्याळजीच्या बायकोचं खरं होतं. ठसठशीत.

वही उघडली. उशीएवढा दगड. दगड उशीएवढाच होता. डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला. टवका उडालेला होता.

मी दोनदा वाचलं. मामाने चुकीचा दगड रंगवला नव्हता. हा तोच दगड होता, फक्त दुसऱ्या भिंतीत येऊन बसला होता.

गुडघ्यावर बसून नीट पाहिलं. निळ्या पट्ट्याचं टोक शेजारच्या दगडाच्या आड गेलं होतं. फटीत बोट घातलं, मग केसातली पिन घातली. आत दोन बोटं रंग होता, कांद्यासारखा थरावर थर चढलेला. रचलेल्या भिंतीच्या आत ब्रश कोण घालणार? दगड आधी रंगवला होता, वर्षानुवर्षं, आणि इथे नंतर आला होता. मी तिथे एकटीच मोठ्याने हसले.

दगडांना पाय नसतात. मग कोण? ते शोधायला लांब जावं लागलं नाही. शंभर पावलांवर भिंतीला टेकून गवंडी डबा खात बसला होता. याला गावात ओळंबा म्हणतात, कारण भिंतीची सरळ रेघ बघायला गवंडी वजन बांधलेली दोरी सोडतात ना, तसाच तो आहे, लांब, सरळ आणि गप्प. वाटेवरच्या सगळ्या भिंती त्याच्या आणि त्याच्या बापाच्या हातच्या.

"काका, फाट्यावरची भिंत तुम्ही रचलीत का?"

"मग काय वाऱ्याने रचली?"

"कधी?"

"थंडी संपताना तो मोठा पाऊस झाला ना, तेव्हा दोन्ही कोसळल्या. सगळा एकच ढीग, वाटेच्या मधोमध." त्याने घास गिळला. "दोन्ही पुन्हा उभ्या केल्या. जुनेच दगड. कोणाला कळणारपण नाही."

"नाहीच कळलं. रंगवलेला दगड डावीकडे का लावलात?"

"टोकाला चांगल्या तोंडाचा दगड लागतो," तो म्हणाला. दगडांविषयी बोलताना ओळंबा बरा बोलतो. "तसा मिळतो कुठे आता? त्याचं तोंड बघ, कसं सपाट. वरून रंग लावलेलं. ते काय आत घालू? दगडाचं तोंड आत घालणं म्हणजे पाहुण्याला भिंतीकडे तोंड करून बसवणं."

"तो रंग कशासाठी आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"पोस्टमन लावतो. हौस आहे त्याला."

हा माणूस जन्मापासून या वाटेवर होता. खुणा रंगवायला लागल्याला बारा वर्षं झाली होती, आणि याला वाटत होतं की म्हातारा शोभेसाठी दगड रंगवत फिरतो.

"काका, वाट कळावी म्हणून असतात त्या."

"वाट काय कळायचीय? उजवीकडे खिंड, डावीकडे खाण."

"तुम्हाला माहीत आहे. शहरातून आलेल्याला नाही ना. त्याने खूण बघायची आणि तिकडे जायचं."

ओळंब्याचा हात डब्यातच राहिला. हळूहळू त्याने फाट्याकडे पाहिलं, मग खाणीकडे.

"ती दोघं," म्हणाला. "शिट्टीवाली. ती माझ्यामुळे गेली तिकडे?"

"हो. आणि मामाला वाटतंय त्याच्यामुळे. थोरल्यासारखं आपलंही डोकं गेलं, असं वाटतंय त्याला. ब्रश ठेवून दिलाय."

ओळंब्याने अर्धा डबा तसाच बंद केला. थोरल्या मामाला एकदा त्यानेच हात धरून घरी आणलं होतं. उठला आणि एकशे तीस खुणांचं अंतर झपाझप उतरत सुटला. मला जवळजवळ पळावं लागलं.

मामा मागच्या दारी बसून सुतळीचा गुंता सोडवत होता. आई पातेलं घासत होती, म्हणजे बडवत होती. ओळंबा दारातच उभा राहिला, चौकटीला डोकं लागेल म्हणून वाकून.

"पोस्टमन," म्हणाला, "दगड मी हलवला."

"कुठला?"

"एकशे एकतीस," मी म्हटलं. आणि मग मला राहवलं नाही. पाऊस, ढीग, तोंड, पाहुणा, सगळं एका दमात सांगून टाकलं. पिनेला लागलेला निळा पापुद्रा त्याच्या तळहातावर ठेवला. "शेजारच्या दगडाच्या आड दोन बोटं रंग आहे मामा. भिंतीच्या आत."

मामाने पापुद्रा बोटाने उलटा केला. काठाकडचे थर मोजले.

"म्हणजे मी नाही."

"तू नाहीस."

"तापातसुद्धा नाही?"

"तापातसुद्धा बरोबर जागीच काढलीस."

त्याने मान खाली घातली. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, तर हसत होता, मग दोन्ही करत होता. ओळंबा बिचारा आपल्या पायांकडे बघत उभा. आणि माझ्या लक्षात आलं की स्वयंपाकघर शांत झालंय. आईने पातेलं ओट्यावर इतकं हळू ठेवलं होतं की आवाजच झाला नाही. जीव भांड्यात पडतो म्हणतात, तो मी त्या दिवशी प्रत्यक्ष बघितला.

अर्थात ती गप्प राहिली ती घटकाभरच. मग पदराला हात पुसत बाहेर आली आणि ओळंब्याला धारेवर धरलं. दोन म्हातारी माणसं खाणीत जाता जाता वाचली, चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आठ दिवस आमच्या घशाखाली घास उतरला नाही, आणि हा वर बसून डबे खातोय. ओळंब्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी ती म्हणाली, "बस आता, चहा टाकते. डबा अर्धा ठेवून आला असशील." तिला कसं कळलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वर गेलो. ओळंब्याने पहारीने दगड अलगद सोडवला, मूल उचलावं तसा उचलला आणि उजव्या भिंतीच्या टोकाला बसवला, तोंड बाहेर. मामा फाट्यावर मधोमध उभा राहिला. बहात्तराव्या वर्षी तीन गिरक्या म्हणजे चेष्टा नाही, तिसरीला तोल गेला. ओळंब्याने दंडाला धरलं. मामाने डोळे उघडले, दगड समोर होता.

"आता तू," मामा म्हणाला.

"मी कशाला? मला वाट माहीत आहे."

"म्हणूनच."

बरीच हो-ना झाली. शेवटी ओळंब्याने डोळे मिटले आणि सुतासारखा सरळ उभा राहून तीन वेळा फिरला. डोळे उघडले आणि बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिला. त्याच्या बापाने रचलेल्या वाटेवर तो पहिल्यांदाच परका होऊन उभा होता.

"दोन्ही वाटा सारख्याच दिसतात रे," म्हणाला.

तेव्हापासून भिंत कोसळली की तो आधी आमच्याकडे येतो आणि वही मागतो. घड्याळजीला मामाने पत्र लिहिलं, चूक कशी झाली ते सविस्तर. त्याचं उत्तर आलं, पाय बरा झाला की पुन्हा येतो, खिंड राहिली आहे बघायची.

मामा म्हातारा होत नाहीये असं मी म्हणत नाही. परवाच तो चष्मा शोधत होता आणि चष्मा कपाळावर होता. पण त्याने मला हाक मारून विचारलं, मी हसले, तोही हसला, आणि त्या हसण्यात भीती नव्हती. तेवढं मला पुरतं.

गेल्या आठवड्यात तो सकाळीच तारेचा ब्रश घेऊन बाहेर पडला. मी खिडकीतून बघत होते. दिव्याचा खांब, नळाचा ओटा, औषधवाल्याची पायरी, एकेक खूण घासत, पत्रं वाटतानाची जुनी लकेर गुणगुणत तो घराकडे येत होता. शेवटी दाराशी आला आणि बिजागरीखाली वाकला. आई उंबऱ्यात उभी होती.

"ती राहू दे," म्हणाली.

मामा वाकलेलाच राहिला. "तुला माहीत होतं?"

"रोज दार पुसतं कोण?"

"आता कशाला ठेवायची? माझं डोकं शाबूत आहे. सिद्ध झालंय."

"तुझं झालंय," आई म्हणाली. "मीही अडुसष्टची झाले, दादा."

मामा कंबर धरून सरळ झाला. तिच्याकडे पाहिलं, मग चौकटीकडे. तारेचा ब्रश पिशवीत टाकला, डबे बाहेर काढले आणि आईला दारासमोर उभं करून तिच्या डोळ्यांची उंची हाताने मोजली. मग तिथे, चौकटीवर, पंजाएवढी खूण काढली, वर पांढरी, खाली निळी. रात्री वहीत नोंद केली. दोनशे पंधरा.